ग्रीसच्या बेटांभोवती शिडाच्या बोटीने निवांत आठवडा: कोणता भाग, कोणता महिना आणि कितपत झेपेल?

टिळकवाडीकर, बेळगाव

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आम्ही सहा जण, म्हणजे मी व पत्नी, कोल्हापूरचे मेहुणे व त्यांची पत्नी आणि निपाणीचे एक स्नेही दांपत्य, ग्रीसला जायचे म्हणतो आहोत. सर्वांची वये पन्नास ते बासष्टच्या दरम्यान आहेत. कोणाला मोठे आजारपण नाही, मात्र निपाणीच्या वहिनींचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. यापूर्वी आम्ही युरोपची नेहमीची बस-सहल केलेली आहे. पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, आठला बस, दहाला एक चर्च, बाराला दुसरे, आणि संध्याकाळी आपण कोणत्या गावात आहोत हे हॉटेलच्या साबणाच्या वेष्टनावरून ओळखायचे, या प्रकाराला सगळेच विटले आहेत. म्हणून या खेपेला एक शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यावी, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहावे, संध्याकाळी एखाद्या बेटावरच्या गावात जेवावे आणि सामान मात्र सात दिवस एकाच जागी राहावे, असा बेत मनात आहे.

एका एजंटाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी अथेन्सहून निघून मिकोनोस, सांतोरिनी आणि परत अथेन्स असा सात दिवसांचा आराखडा दिला. छायाचित्रे फारच मोहक आहेत, पण हे अंतर शिडाच्या बोटीने सात दिवसांत आरामात होते का, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडून मिळाले नाही. शिवाय आमच्यापैकी कोणालाही बोट चालवता येत नाही, त्यामुळे परवान्याचे काय, हाही प्रश्न आहे. मेहुण्यांच्या पत्नी सोडल्या तर आम्ही सर्व शाकाहारी आहोत. माझी पत्नी आपल्याकडच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे एप्रिल-मेची सुट्टी किंवा दसऱ्याची सुट्टी याखेरीज तिला निघता येणार नाही, आणि गणपतीच्या दिवसांत घर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. कोणी अशी सहल केली असल्यास भाग, महिना आणि अंदाजे खर्च या तिन्ही बाबतीत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सुकाणू, खानापूर

टिळकवाडीकर साहेब, माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली, आणि निवृत्तीनंतर मित्रांबरोबर ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर जाण्याचा नाद लागला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एजंटाने दिलेला मार्ग आधी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशावर ती बेटे जवळजवळ मांडलेली दिसतात, परंतु अथेन्सच्या किनाऱ्यापासून सांतोरिनीपर्यंतचे अंतर सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. चाळीस-पंचेचाळीस फुटी शिडाची बोट तासाला पाच-सहा सागरी मैल चालते. म्हणजे वाटेत कोठेही न थांबता एका बाजूचा प्रवासच वीस ते पंचवीस तासांचा झाला. मिकोनोसचा वळसा आणि परतीचा मार्ग धरला, तर तुमचा रोजचा बहुतेक दिवस बोट हाकण्यातच जाईल आणि बस-सहलीत जे सोसले तेच पाण्यावर सोसावे लागेल. शिवाय सांतोरिनीचे जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, ती कड्यांमधली खोल जागा म्हणजे ज्वालामुखीचे पाण्याने भरलेले तोंड आहे. तेथे पाण्याची खोली शेकडो मीटर असल्यामुळे छोट्या बोटीला नांगर टाकायला तळच सापडत नाही. दक्षिण किनाऱ्यावर व्लिखाडा नावाचे एक लहान बंदर आहे, त्याचे तोंड उथळ आहे आणि जागा मिळेलच अशी खात्री नसते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि तुमच्या निर्णयात हीच सर्वांत महत्त्वाची आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, असे झाले की हा वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो, आणि एकदा लागला की कित्येक दिवस थांबत नाही. आपल्याकडे वादळ म्हटले की आधी आभाळ भरून येते, तसे तेथे काही होत नाही. आकाश निळेभोर, ऊन लख्ख, आणि वारा मात्र बोफोर्ट मापाने सात, म्हणजे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक. मिकोनोस, पारोस, नॅक्सोस हा सगळा पट्टा त्याच्या वाटेवर आहे. दक्षिणेकडे जाताना हा वारा पाठीशी असल्याने मजा वाटते, पण परतताना तोच तोंडावर येतो, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या थेट विरुद्ध दिशेला जाऊ शकत नसल्यामुळे एक तर नागमोडी जावे लागते, नाहीतर इंजिन लावून लाटांवर आदळत राहावे लागते. तरुण मंडळींना त्यात थरार वाटेल, तुमच्या मंडळींना वाटणार नाही.

निवांतपणा हवा असेल तर दोनच भाग विचारात घ्यावेत. पहिला सॅरॉनिक आखाताचा. अथेन्सच्या आलिमोस मरिनातून, म्हणजे भाड्याच्या आणि खासगी बोटींच्या बंदरातून, निघायचे आणि एजिना, पोरोस, हायड्रा या बेटांवर जायचे. एका बाजूला अॅटिका आणि दुसऱ्या बाजूला पेलोपोनीजची भूमी असल्यामुळे मोठी लाट येथवर फारशी पोहोचत नाही. आलिमोसहून एजिना सतरा सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे सकाळी चहा घेऊन निघालात तर जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचता. एजिनाच्या धक्क्यावर भाजी आणि फळे विकणाऱ्या बोटी उभ्या असतात. टोमॅटो, वांगी, पीच सगळे बोटीवरच मांडलेले असते आणि आपण धक्क्यावर उभे राहून वजन करून घ्यायचे. पिस्ते तर या बेटाचे नावाजलेलेच आहेत. आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी १८२८ साली याच छोट्या गावात होती. टेकडीवर अफाइया देवीचे इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचे मंदिर आहे, त्याचे बरेच खांब अजून उभे आहेत आणि तेथपर्यंत टॅक्सी जाते, त्यामुळे वहिनींनाही अडचण येणार नाही.

एजिनाहून पुढे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या एपिडाव्रोस बंदरात एक मुक्काम करावा. तेथून टॅक्सीने आत गेले की ते प्रसिद्ध प्राचीन नाट्यगृह पाहता येते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले, सुमारे चौदा हजार माणसे बसतील एवढे, आणि मध्यभागी कोणी साध्या आवाजात बोलले तरी वरच्या ओळींपर्यंत ऐकू जाते. त्यानंतर पोरोस. हे बेट मुख्य भूमीपासून इतक्या अरुंद पट्टीने वेगळे झाले आहे की समोरच्या गालातास गावात जायला लोक लहान होडीचा वापर करतात. पोरोसला मी सर्वांना दोन रात्री राहायला सांगतो, कारण आजूबाजूच्या खाड्यांत पाइनची झाडे थेट पाण्यावर ओणवलेली आहेत आणि पोहायला पाणी शांत असते.

हायड्राबद्दल मात्र थोडी सावधगिरी. बेट देखणे आहे. कचरागाडीसारखी एखाद-दुसरी गाडी सोडली तर तेथे मोटारींना मज्जाव आहे, सामान खेचरांवरून जाते. पण बंदर अगदी लहान आहे, आणि दुपारनंतर तेथे बोट लावणे म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत गाडी लावण्यासारखे आहे. बोटींच्या दोन-दोन, तीन-तीन रांगा लागतात, एकाच्या नांगराच्या साखळीवर दुसऱ्याचा नांगर पडतो, आणि सकाळी सगळ्यांचीच सोडवासोडव चालते. त्यापेक्षा समोरच्या एर्मिओनी गावात बोट लावून प्रवासी होडीने हायड्राला जाऊन यावे, दिवसभर हिंडावे आणि रात्री शांत झोपावे.

दुसरा भाग पश्चिमेकडचा, आयोनियन समुद्राचा. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया ही बेटे इतकी जवळ आहेत की दोन-तीन तासांत एकावरून दुसऱ्यावर जाता येते. मेल्टेमी येथे पोहोचत नाही. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा हलका वारा सुटतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो, त्यामुळे सकाळ पोहण्यात घालवून जेवणानंतर शीड उभारायचे, असा दिवस आपोआप लागतो. हिरवळ भरपूर आहे, एजियनमधल्या बोडक्या टेकड्यांपेक्षा हा भाग डोळ्यांना अधिक सुखावतो. केफालोनियाची बहुतेक गावे १९५३ च्या भूकंपात कोसळली, पण उत्तरेकडचे फिस्कार्डो वाचले, म्हणून जुनी घरे पाहायची तर तेथे जावे. अडचण एकच. अथेन्सहून लेफ्काडापर्यंत बसने पाच-सहा तास किंवा प्रेवेझापर्यंत देशांतर्गत विमान, असा एक जादा टप्पा वाढतो. पहिल्या खेपेला आणि हाताशी सातच दिवस असताना मी सॅरॉनिकच निवडेन.

परवान्याचे म्हणाल, तर स्वतः बोट हाकायची असल्यास ग्रीसमध्ये कप्तानाकडे मान्यताप्राप्त परवाना आणि त्याच्या जोडीला दुसरा अनुभवी माणूस लागतो. तुम्ही कप्तानासह बोट घ्यावी, मग हा प्रश्न उरत नाही. मात्र बोट घेताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: कप्तानालाही झोपायला जागा लागते. तुम्ही तीन जोडपी आहात, म्हणून तीन केबिनची बोट घेतलीत तर तो बिचारा बैठकीच्या बाकावर झोपेल आणि पहाटे चहा करायला उठणाऱ्या माणसाची पंचाईत होईल. चार केबिनची, पंचेचाळीस फुटांच्या आसपासची बोट पाहा. मे महिन्यात अशा बोटीचे आठवड्याचे भाडे साधारण अडीच ते साडेतीन हजार युरो पडते, कप्तानाचे दिवसाला दोनशेच्या आसपास आणि त्याचे जेवण वेगळे. त्यावर डिझेल, शेवटची साफसफाई आणि बंदरांची किरकोळ फी. जुलै-ऑगस्टमध्ये हेच भाडे बरेच चढते. दोन सांगाड्यांची कॅटामरान बोट कलत नाही आणि ऐसपैस असते, पण तिचे भाडे दुप्पट किंवा त्याहून अधिक असते.

महिना विचारलात, तर मेचा मध्य. पाणी जरा गार असते, आपल्या माणसांना पहिली उडी मारताना दोनदा विचार करावा लागेल, पण वारा बेताचा, गर्दी कमी आणि दिवस लांब. ग्रीक ईस्टर कधी कधी मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्या दिवसांत सगळा अथेन्स बेटांवर लोटतो, तेवढी तारीख आधी पाहून घ्या. ऑक्टोबरमध्ये पाणी उबदार असते, पण अंधार लवकर पडतो आणि हवामानाचा भरवसा कमी होतो. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाच्या चक्रीवादळाने आयोनियन बेटांवर मोठे नुकसान केले होते.

घाटवाट, चंदगड

सुकाणू काकांचे ज्ञान वादातीत आहे, पण निवांत सहलीसाठी शिडाची बोटच हवी, हे मला पटलेले नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आम्ही चौघे मित्र अशा बोटीवर राहिलो आहोत. केबिन म्हणजे एक त्रिकोणी बिछाना आणि उभे राहायला हातभर जागा. संडास म्हणजे हाताने पंप मारायचा, त्यात कागद टाकायचा नाही, आणि कोणी विसरून टाकला तर कप्तान सगळ्यांसमोर दुरुस्ती काढतो. रात्री धक्क्यावर वारा असला की डोलकाठीवर दोऱ्यांची टकटक चालू राहते. शिवाय पन्नाशीच्या पुढच्या सहा माणसांनी सात दिवस एवढ्या जागेत राहायचे, म्हणजे स्नेहसंबंध घट्ट असावे लागतात. कोण घोरतो हे घरच्या माणसांपुरतेच राहत नाही.

त्याऐवजी अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीबोटीने जावे. एजिना वेगवान बोटीने पाऊण तासात येते, हायड्रा दोन तासांच्या आत. किंवा थेट नॅक्सोसला जाऊन चार-पाच दिवस एकाच घरात मुक्काम करावा. बंदराच्या तोंडाशीच इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या, अर्धवट राहिलेल्या मंदिराचा संगमरवरी दरवाजा एकटा उभा आहे. बेट मोठे आहे, बटाटा आणि चीज यांसाठी प्रसिद्ध आहे, डोंगरात गावे आहेत, आणि वारा कितीही सुटला तरी आपण जमिनीवर असतो. वारा फारच वाढला तर फेरीबोटीही थांबवतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस अथेन्समध्ये मोकळा ठेवावा, एवढेच पथ्य. सामान एका जागी ठेवण्याची टिळकवाडीकरांची मूळ इच्छा यातही पूर्ण होते. गुडघ्याच्या दृष्टीनेही विचार करावा. बोटीवरून धक्क्यावर उतरायला हातभर रुंदीची फळी असते, आणि ती हलते.

सुकाणू, खानापूर

चंदगडकरांचे केबिनविषयीचे वर्णन खरे आहे, त्यात मी काही कमी करणार नाही. मात्र माणूस केबिनमध्ये फक्त झोपतो. दिवस सगळा वरच्या डेकवर जातो, आणि मेमध्ये रात्रीही बराच वेळ तेथेच बसतो.

फळीविषयी थोडे खुलासेवार सांगणे आवश्यक आहे. भूमध्य समुद्रातल्या बंदरांत बोट बाजूने न लावता पाठ लावून उभी करतात. कप्तान धक्क्यापासून बोटीच्या तीन-चार लांब्यांवर पुढचा नांगर सोडतो, साखळी सोडत सोडत उलटा मागे येतो, मग मागच्या दोन कोपऱ्यांवरच्या दोऱ्या धक्क्यावरच्या कड्यांत अडकवून घट्ट करतात आणि शेवटी फळी टाकतात. या वेळी पाहुण्यांचे काम एवढेच, की हातात रबरी फुगा धरून शेजारच्या बोटीच्या मध्ये टेकवायचा. बोट आणि धक्का यांच्या मधे हात किंवा पाय घालून बोट थोपवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये, दहा टन वजन माणसाच्या पायाने थांबत नाही. वहिनींच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. वेंगुर्ला-मालवणला भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत दीड-दोन मीटरांचा फरक पडतो, तसा भूमध्य समुद्रात जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे संध्याकाळी फळी ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर ती सकाळीही असते. दोन्ही बाजूंना कठडा असलेली रुंद फळी मागून घ्या, आणि बोटीची मागची पायरी उघडून खाली येणारी असेल अशी नवी बोट निवडा. पोहून वर येतानाही तीच उपयोगी पडते.

मीठभाकर, शहापूर-बेळगाव

टिळकवाडीकर काका, बोट आणि वारा यांवर बोलण्याइतके मला कळत नाही, पण बोटीवरच्या स्वयंपाकघरात मी वावरले आहे, म्हणून तेवढेच लिहिते.

बोटीवर दोन किंवा तीन शेगड्यांचा गॅस असतो. शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते, त्यामुळे बोट कलली तरी ती आपली सपाट राहते, आणि भांडे घसरू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी चिमटे असतात. सिलिंडरचा कॉक स्वयंपाक झाला की दर वेळी बंद करावाच लागतो. घरात गळालेला गॅस निदान दाराखालून तरी बाहेर जातो, बोटीत तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. हे कप्तान पहिल्याच दिवशी बजावतो. वीज बारा व्होल्टची असते. मिक्सर आणि इंडक्शन धक्क्यावरची तार जोडलेली असतानाच चालतात, म्हणून ते घरीच ठेवावे. लहान प्रेशर कुकर मात्र अवश्य न्यावा. गोड्या पाण्याची टाकी काही शे लिटरांची असते, ती सात माणसांत अंघोळीसह पुरवायची असते. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून मग थोड्या गोड्या पाण्याने विसळायची सवय लागते.

घरून काय न्यावे, याबद्दल एक महत्त्वाची सूचना. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आपला कुंदा, पेढे, तूप हे सगळे बाद. कप्तानाला भेट म्हणून कुंद्याचा डबा न्यावा असे कोणाच्या मनात आले, तर तो विमानतळावरच काढून घेतला जाण्याची शक्यता आहे. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ आणि कडक भाकरी न्या. कडक भाकरीसारखा बोटीचा सोबती नाही. ती विटत नाही, चुरा झाली तरी ताकात किंवा आमटीत चालते, आणि ग्रीक दही इतके घट्ट मिळते की पाणी घालून त्याचे उत्तम ताक होते. ताजी भाकरी थापण्याचा उत्साह आवरावा. वाऱ्यावर पीठ कोठे कोठे जाऊन बसते हे आठवडाभर सापडत राहते.

बाहेरच्या खाण्यात शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षात पुष्कळ दिवस असतात आणि त्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे तेल-भाजी-डाळीचा स्वयंपाक त्यांच्या घरोघर आहे. पिवळ्या डाळीचा घोटलेला फावा, टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे ज्यांना गिगांतेस म्हणतात, बटाटा-वांगी-दुधीसारख्या भाज्यांचे ब्रियाम, पालकाचे सारण भरून भाजलेला पापुद्र्यांचा पदार्थ, उकडलेली रानभाजी होर्ता, हे जवळजवळ प्रत्येक खानावळीत मिळते. भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना येमिस्ता म्हणतात, त्यात कधी कधी खिमा असतो, म्हणून विचारून घ्यावे. आणि उपवासाचा पदार्थ म्हणजे शाकाहारी, असे गृहीत धरू नये, कारण त्यांच्या उपवासाला माखल्या आणि कोळंबी चालतात. शनिवारी बोट ताब्यात घेतल्यावर लगेच बाजार करून टाकावा, रविवारी बरीच दुकाने बंद असतात.

बोट लागण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही. चोर्ला घाटात ज्यांना उलटी होते त्यांना ती बोटीवरही होईल, असे धरून चालावे. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेतली तर उपयोगी पडते, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. त्या माणसाने केबिनमध्ये जाऊन आडवे होऊ नये. वर, मागच्या बाजूला, क्षितिजाकडे पाहत बसावे, आणि कप्तानाने थोडा वेळ सुकाणू हातात दिले तर आनंदाने घ्यावे. आलेपाकाच्या वड्या माझ्याकडे कायम असतात. त्यांनी किती फरक पडतो ते सांगता येत नाही, पण तोंडाला चव राहते.

टिळकवाडीकर, बेळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात वाचून दाखवले, तेव्हा मिकोनोस-सांतोरिनीचा आराखडा एकमताने रद्द झाला आणि मेच्या मध्यातील सॅरॉनिकवर सर्वांची संमती झाली. घाटवाट यांची सूचनाही वाया गेलेली नाही. बोटीच्या आधी दोन रात्री अथेन्समध्ये हॉटेलात राहून अॅक्रोपोलिस पाहावे आणि मग बोटीवर चढावे, असे पत्नीचे म्हणणे आहे.

दोन शंका उरतात. व्हिसासाठी आम्ही बेळगाव-निपाणीचे चौघे कर्नाटकातले आणि मेहुणे महाराष्ट्रातले, मग सर्वांचा अर्ज एकत्र देता येईल का? आणि बोटीवर राहणार असल्यास राहण्याचा पुरावा म्हणून काय जोडायचे? दुसरे असे, की करारात मोठी अनामत रक्कम लिहिलेली आहे, ती बुडण्याची कितपत भीती असते?

सुकाणू, खानापूर

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि त्याचा अर्ज आपण जेथे राहतो त्या भागासाठी नेमलेल्या केंद्रातच द्यावा लागतो, म्हणून मेहुण्यांचा मार्ग तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो. भेटीची वेळ घेण्याआधी दोन्हीकडे चौकशी करा, आणि सहाही अर्जांना प्रवासाचा एकच कार्यक्रम व एकमेकांच्या नावांचा उल्लेख असलेले पत्र जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, मेच्या गर्दीआधी उरकलेला बरा. प्रौढांसाठी व्हिसाची फी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण असलेला वैद्यकीय प्रवास विमा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून हॉटेलच्या नोंदणीबरोबर बोटीचा करार आणि बोटीवरील माणसांची यादी जोडावी. त्या यादीत सर्वांची नावे पासपोर्टप्रमाणे तंतोतंत असली पाहिजेत, कारण पुढे बंदर अधिकारीही तीच यादी मागू शकतात.

अनामत ही बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, रक्कम दोन ते चार हजार युरो असते. परदेशातील व्यवहार कार्डावर सुरू आहेत का आणि मर्यादा पुरेशी आहे का, हे बँकेत आधी पाहा, धक्क्यावर उभे राहून बेळगावच्या शाखेला फोन लावण्याची वेळ येऊ नये. थोडी जादा रक्कम भरून ही जबाबदारी कमी करणारा विमा बोटवालेच देतात. तुम्ही पहिल्यांदाच जात आहात, तो घ्यावा. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बोट ताब्यात मिळते, तेव्हा कप्तानाबरोबर फिरून प्रत्येक ओरखडा, फाटकी दोरी, तुटका दिवा यांची मोबाईलवर छायाचित्रे काढून यादीवर लिहून घ्या. परतायचे शुक्रवारी संध्याकाळी, आणि शनिवारी सकाळी नऊच्या आत बोट रिकामी करायची, हा तिकडचा सर्वसाधारण रिवाज आहे. पोरोसहून आलिमोस हा तुमचा सर्वांत लांब टप्पा असेल, पाच तास धरा, त्यामुळे शुक्रवारी सकाळी लवकर निघावे लागेल. धक्क्यावर आल्यावर बोटवाल्यांचा पाणबुड्या खाली उतरून बोटीचा तळ आणि सुकाणू पाहतो, आणि त्याने होकार दिल्यावरच अनामत सुटते. शुक्रवारी रात्रीचे विमान घेऊ नका. शनिवारी दुपारनंतरचे घ्या, आणि कडक सूटकेसऐवजी घडी होणाऱ्या कापडी बॅगा आणा, बोटीत सूटकेस ठेवायला जागाच नसते.